जाडीच्या टाकीचा काटा

काइबारिएन, ९ मे १९९४

दादा,

हे पत्र शेजारच्या कासिमिराची मावसबहीण बुटात लपवून नेतेय. वास आला तर तो माझ्या अक्षराचा नाही.

तू फोनचं ठरवलंस ते आईला वाचून दाखवलं. सत्तावीस ऑगस्ट, शनिवार, सकाळी दहा, सांता क्लाराचं टेलिफोन ऑफिस. चौदा वर्षांनी समुद्रापलीकडून तुझा आवाज ऐकायचा, म्हणून तिनं तिथल्या तिथे कुठला झगा घालायचा ते ठरवून टाकलं. मग तीनदा विचारलं, फोनवर झगा दिसतो का. एकोणऐंशी वर्षांची आहे, दिसतो म्हटलं.

आता सांता क्लाराला पोचायचं कसं? पंचावन्न किलोमीटर. बस हा प्राणी आता फक्त शाळेच्या पुस्तकात दिसतो. सायकलच्या दांडीवर आईला बसवता येत नाही. राहिली बाबांची जाडी. बावन्न सालची ती गाडी मागच्या फेब्रुवारीपासून शेडमध्ये विटांवर उभी आहे. चाकं आमच्या पलंगाखाली, म्हणजे चोराला निदान वाकावं तरी लागेल. पण माझ्या नवऱ्यानं, निकासिओनं, एक शहाणपण केलंय. मच्छीमार संघाच्या वर्कशॉपमधून वर्षभर लिटर-लिटर करत त्यानं अठरा लिटर पेट्रोल तिच्या टाकीत साठवलंय. जाऊन-येऊन जेमतेम पुरेल.

काल जाडीची बॅटरी घरी आली. ती गल्लीत फिरते, वीज नसली की ज्याच्या घरात आजारी माणूस त्याच्याकडे तिचा दिवा. निकासिओ कामावर होता. मी बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, तर पेट्रोलचा काटा उठला तो ‘भरली’च्याही पुढे जाऊन टेकला. अठरा लिटरवर! क्षणभर वाटलं, चमत्कार. मग आठवलं, या देशात जे जे बिघडतं ते भरलेलंच दाखवतं. आमच्या रेशनच्या गोदामाची यादी वाचून बघ.

निकासिओला सांगितलं तर त्यानं ताट बाजूला सारलं. "काट्याच्या नादी लागू नकोस, झेनाइदा. गेज म्हातारं झालंय. म्हाताऱ्या बायकांसारखं वाढवून सांगतं."

"म्हाताऱ्या बायका निदान सांगतात तरी," मी म्हटलं.

एरवी या वाक्यावर दोन तास भांडला असता. उठून हात धुवायला गेला.

पेट्रोल किती आहे ते मला सत्तावीस तारखेच्या आत कळायला हवं. आईला झग्यासकट उसाच्या शेतात उभं करायचं नाही मला. वीस वर्षं ही गाडी तू सांभाळलीस. काय तपासू, लिही.

झेनाइदा

ता. क. तू देश सोडून गेलास तेव्हा गद्दार म्हणत आपल्या दारावर अंडी फेकणारे सगळे आता मला विचारतात, झेनाइदा, अंडी कुठे मिळतील गं?


हायालिया, २ जून १९९४

झेनाइदा,

काटा ‘भरली’च्या पुढे गेला म्हणून हसू नकोस आणि घाबरूही नकोस. नीट वाच. मी इथे दिवसाला अकरा गाड्या बघतो, पण त्यातल्या एकीवरही माझा जीव नाही.

टाकीत एक दांडी असते, दांडीच्या टोकाला पितळेचा पोकळ फ्लोट. पेट्रोल असेल तसा तो वर-खाली होतो, आणि त्याची खबर एका तारेतून डॅशबोर्डवरच्या काट्याला जाते. जाडीच्या गेजची खोड अशी, की तार तुटली, सुटली किंवा टाकीचं अर्थिंग गंजलं, की खबर येणं बंद होतं. आणि खबर आली नाही की काटा समजतो, सगळं भरलंय. फ्लोट फुटून बुडाला असता तर काटा ‘रिकामी’वर पडला असता. तो फुटणार नाही. अठ्ठ्याहत्तर साली मीच त्याला कथिलाचा डाग दिलाय.

तेव्हा आधी टाकीच्या तोंडातून काठी घालून बघ, किती ओली होते. मग डिकीतली रबरी चटई उचल. खाली गोल झाकण आहे, ते काढलं की टाकीवरचं गेज दिसेल, पाच स्क्रूंनी बसवलेलं. त्यावरची तार घट्ट आहे का बघ. मग ती तार सोडवून तिचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकव. काटा ‘रिकामी’वर पडला तर डॅशबोर्डपासून तिथपर्यंत सगळं ठीक, दोष टाकीकडचा. नाही पडला तर तार मध्येच तुटलीय.

हे सगळं तू कशाला करतेस पण? निकासिओला सांग. गेल्या डिसेंबरात त्यानं मला याच गेजबद्दल चार पानं लिहून विचारलं होतं. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस आहे, डोळे मिटून करेल.

आईला सांग, झगा निळा घाल. मला इथून दिसेल.

एवेलिओ


काइबारिएन, ३० जून १९९४

दादा,

काठी जात नाही. टाकीचं तोंड मागच्या बाजूला आहे आणि आतली नळी डुकराच्या शेपटीसारखी वळलेली, हे तू विसरलास. मग कासिमिरानं सलाईनची नळी आणली. तिचं म्हणणं, नळी घालून फुंकायचं आणि बुडबुडे ऐकायचे. हातभर आत गेली आणि कशाला तरी मऊ लागून अडली. आम्ही आळीपाळीनं फुंकलं. बुडबुडे आले नाहीत. कासिमिराला चक्कर तेवढी आली.

डिकी उघडत नाही. किल्ली निकासिओच्या हातून समुद्रात पडली म्हणे. "समुद्रात? डिकीची किल्ली घेऊन तू समुद्रात काय करत होतास?" तर म्हणतो, "पोहत होतो." एकावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं किनाऱ्यावर राहून कधी गुडघ्याच्या वर भिजला नाही, तो आता रोज सकाळी पोहतो! दंड बघ म्हणतो. बेर्मुदेस बंधूंची होडी वल्हवायला जातो. दाढी रोज करतो. रविवारी पिशवी घेऊन सायकलवर कुठेतरी जातो आणि रिकामी पिशवी घेऊन येतो. सांगतो, रेमेदिओसला जुना मित्र आहे.

दादा, मित्रासाठी कुणी दाढी करत नाही. रेमेदिओसला बाई आहे. त्यातून माझे लग्नातले सँडल नाहीसे झालेत. ते उंच, कॉर्कच्या टाचांचे, तांबड्या रंगाचे. बावीस वर्षं मी ते घातले नाहीत, पण दुसरीनं घातलेले मला चालणार नाहीत.

आणि तू म्हणतोस त्यानं तुला चार पानं लिहिली? मला एका शब्दानं बोलला नाही. विचारलं तर म्हणाला, "गाड्यांचं बोलत होतो. तुला कंटाळा आला असता." इतक्या गोड आवाजात म्हणाला की माझी खात्रीच पटली. बाईच आहे.

आई रोज तुझ्याशी काय बोलायचं त्याची उजळणी करते. तीन मिनिटं मिळणार, हे तिला पटत नाही. नुसत्या शेजाऱ्यांच्या तब्येती सांगायला तिला वीस लागतात.

डिकी किल्लीशिवाय उघडते का?

झेनाइदा


हायालिया, २१ जुलै १९९४

झेनाइदा,

तुझं पत्र काल मिळालं. तुझ्या नवऱ्याच्या दाढीचं निदान मला करता येणार नाही. टाकीचं करतो. मऊ लागलं म्हणजे आतला गाळ. पेट्रोल वर्षभर पडून राहिलं की डिंकासारखं होतं. तसं असेल तर टाकी उतरवून धुवावीच लागेल आणि दिवस थोडे उरलेत.

डिकी किल्लीशिवाय उघडते. मागची सीट खालून वर उचलून ओढ, दोन खिट्ट्या आहेत. मग पाठ सुटेल. तिच्यामागे जाड पुठ्ठा आहे, तो काढ आणि डिकीत सरपटत जा. तू बारीक झाली असशील असं सगळ्यांच्या पत्रांवरून वाटतं, तर जमेल. मेणबत्ती नेऊ नकोस! काडीसुद्धा नको. शेडचं दार उघडं ठेव आणि कासिमिराला दिवसाउजेडी आरसा धरायला सांग.

निकासिओला काही बोलू नकोस. मी त्याला वेगळं पत्र लिहितोय. सँडलचंही विचारतो.

इथे रोज तिकडून कुणी ना कुणी किनाऱ्याला लागतं. कशाकशावर बसून येतात, बघवत नाही. परवा एकजण दाराच्या फळीवर आला, कडीसकट.

सत्तावीसला साडेनवापासूनच मी फोनजवळ बसेन.

एवेलिओ


काइबारिएन, १६ ऑगस्ट १९९४

दादा,

टाकीत गाळ नाही.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. निकासिओ त्याआधी दोन दिवस, अकरा तारखेला सकाळी, "मासे बघून येतो" म्हणून गेला होता आणि आला नव्हता. मला वाटलं, रेमेदिओस. मी रडले नाही, मला काम होतं. खिट्ट्या काढल्या, पाठ काढली, सरपटत डिकीत गेले. कासिमिरानं आरसा धरला. चटई उचलली. झाकणाला स्क्रू नव्हते, नुसतं ठेवलेलं होतं. उचललं.

खाली कोंबडी बसली होती.

शेडच्या जमिनीवर, अंड्यांवर. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. मध्ये काही नव्हतं, दादा. टाकी नव्हतीच. भोकातून एक तार लोंबत होती, तुझी ती खबर आणणारी. टाकीच्या तोंडाच्या नळीत त्याची जुनी विजार कोंबलेली होती. बुडबुडे कुठून येणार?

"काय दिसतंय?" कासिमिरा बाहेरून ओरडली.

"अंडी," मी म्हटलं.

मग सगळं कळलं. आपल्या गल्लीत गुपित फक्त बायकोपासून राहतं. तो आणि बेर्मुदेस बंधू, तिघं तराफ्यावरून तुझ्याकडे निघालेत. चार पिंपं आणि मधोमध तोल सांभाळायला जाडीची टाकी. पाणी उपसायच्या पंपाचं इंजिन लावलंय आणि त्यात आईच्या फोनचं अठरा लिटर. फेब्रुवारीपासून टाकी बेर्मुदेसांच्या गोठ्यात होती. मेपासून तीन महिने, काटा खोटा आहे हे ठाऊक असूनही, मी त्याच्याकडे बघत होते. बॅटरी घरी असली आणि मन उदास झालं की शेडमध्ये जाऊन किल्ली फिरवायचे. भरलेली दिसायची.

आज पाच दिवस झाले. समुद्र शांत होता असं सगळे सांगतात. सगळे हेच सांगतात म्हणून मला भीती वाटते.

तुझ्याकडे पोचला असेल तर त्याला आधी जेवायला घाल, मग माझ्या वतीनं एक थोबाडीत दे. क्रम चुकवू नकोस.

आईला सांगितलं, गाडी बिघडलीय. ती म्हणाली, "मग एवेलिओला लिही की. तो करेल दुरुस्त."

झेनाइदा


हायालिया, २९ ऑगस्ट १९९४

झेनाइदा,

शनिवारी लाइन जोडली गेली. दहा ते दहा-वीस धरून ठेवली. ऑपरेटरनं आईचं नाव पाच वेळा पुकारलेलं मला ऐकू आलं. तिच्या मागे कुणीतरी खोकत होतं. मी ते खोकणं शेवटपर्यंत ऐकलं.

निकासिओ माझ्याकडे आलेला नाही. आलेल्यांच्या याद्या लावतात तिथे मी रोज कामावरून जातो. एन अक्षरात शोधतो, मग आडनावानं, मग बेर्मुदेस. आता लोकांना समुद्रातच अडवून नाविक तळावरच्या छावण्यांत नेतायत, हजारो आहेत, तिथल्या याद्या यायला वेळ लागतो. म्हणजे नाव नसणं हे वाईटच असं नाही. हे मी तुला सांगतोय की स्वतःला, ठाऊक नाही.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. डिसेंबरच्या त्या चार पानांत त्यानं गेजची दुरुस्ती विचारलीच नव्हती. त्यानं विचारलं होतं, गेज काढून टाकलं तर ते भोक हवाबंद कसं करायचं. पत्रा किती जाड, गॅस्केट कशाचं, स्क्रू कुठल्या क्रमानं आवळायचे. टाकीत हवा भरून गळती कशी तपासायची. दोन महिने पाण्यात राहिली तर टिकेल का.

दोन महिने पाण्यात! कुठल्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं, टाकी पाण्यात कशाला राहील रे? मी विचारलं नाही. आपल्या वर्कशॉपची रीत तुला माहीत आहे, कुणी काही विचारलं की कशाला हवंय ते विचारायचं नाही. उत्तर द्यायचं आणि चांगलं द्यायचं. मला तर आनंद झाला होता की तिकडे अजून कुणीतरी इतका बारीक विचार करतो. सहा पानं लिहिली, आकृत्या काढून. गॅस्केट कॉर्कचं कर, वरून साबण चोळ, स्क्रू समोरासमोरचे आवळ.

तू मेमध्ये काट्याचं लिहिलंस तेव्हाच मला दिसायला हवं होतं. तार सुटलीय हे मीच लिहिलं. टाकी सुटलीय हे मात्र सुचलं नाही.

आईला काय सांगू?

एवेलिओ


काइबारिएन, ३ ऑक्टोबर १९९४

दादा,

आईला मीच सांगितलं की तू फोनवर होतास. ते खरंच आहे.

आम्ही गेलो होतो. पहाटे उसाच्या गाडीला जोडलेल्या ट्रॅक्टरवर बसलो. कामाहुआनीला ट्रॅक्टरचं डिझेल संपलं. पुढे घोडागाडी, पुढे एका सैनिकाचा ट्रक. पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आईच्या निळ्या झग्यावर इतका ऊस चिकटला होता की तिला पिळली असती तर रस निघाला असता. खिडकीतली बाई म्हणाली, "तुमचा कॉल दहाचा होता, आजी."

आई म्हणाली, "हो, थोडा उशीर झाला. जोडा आता."

त्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आईला बूथमध्ये नेलं आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. आत नुसता टूं आवाज. आई त्याच्याशी पाच मिनिटं बोलली. जेवलास का विचारलं. शेजाऱ्यांच्या तब्येती सांगितल्या. तुझा आवाज बदललाय म्हणाली, सर्दी झाली असेल. बाहेर येऊन मला म्हणाली, "मुलगा पहिल्यापासूनच कमी बोलतो."

तू सहा पानं लिहिलीस म्हणून तो गेला असं मी म्हणणार नाही. तू लिहिली नसतीस तर तो वाईट गॅस्केट लावून गेला असता.

याद्या बघत राहा.

झेनाइदा


हायालिया, १२ नोव्हेंबर १९९४

झेनाइदा,

हे पत्र तीनदा फाडलं.

छावण्यांच्या याद्या पूर्ण आल्या. मी त्या दोनदा वाचल्या आणि मग माझ्या बायकोला वाचायला दिल्या, माझे डोळे चुकत असतील म्हणून. तिघांपैकी कुणी नाही.

गेल्या रविवारी दक्षिणेला बेटांवर गेलो होतो. एका बोटवाल्याच्या आवारात रिकामे सापडलेले तराफे रचून ठेवलेत. ट्यूब, फळ्या, पिंपं, एका ठिकाणी आख्खा पलंग. मी शोधत नव्हतो असं म्हणायचं होतं, पण शोधतच होतो. ढिगाच्या खालच्या बाजूला ती होती. डाव्या कोपऱ्यावर माझ्या डागाची वाकडी रेघ, खाली बाबांनी खिळ्यानं कोरलेलं साल. ओळखायला अर्धं मिनिट लागलं नाही. दोराची दोन टोकं अजून बांधलेली होती. पुढे काही नव्हतं.

गेजच्या भोकावर पेरूच्या वडीच्या डब्याचा पत्रा होता. पाच स्क्रू, समोरासमोरचे आवळलेले. मी पाना मागून घेतला आणि उघडलं. कॉर्कचं गॅस्केट. एका कडेला तांबडा रंग होता. ते तुझ्या टाचेचं आहे, झेनाइदा.

आत बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. इतके दिवस समुद्रात राहून एक थेंब पाणी आत गेलं नव्हतं. मी सांगितलं तसंच्या तसं त्यानं केलं होतं. इतकं चांगलं काम माझ्या हाताखालच्या कुणाकडून आजवर झालं नव्हतं आणि ते मी कुणाला सांगू शकत नाही.

टाकी माझ्या गॅरेजमध्ये आहे. पाठवण्याची काही सोय नाही. काय करू?

एवेलिओ


काइबारिएन, २० डिसेंबर १९९४

दादा,

म्हणजे सँडल तिच्या पायात नव्हते. रेमेदिओसच्या त्या बाईच्या मी सहा महिने मनातल्या मनात झिंज्या उपटल्या. ती बिचारी नव्हतीच. असती तर बरं झालं असतं, तो आज तिच्याकडे असता. मी जाऊन दारात शिव्या देऊन आले असते आणि सुखानं जेवले असते.

टाकी तिथेच ठेव. तेवढं एक माणूस तरी पोचलं असं धरू.

शेडमध्ये वरच्या फळीवर मला गेज सापडलं. त्यानं ते फेकलं नव्हतं. स्वतःच्या चांगल्या शर्टात गुंडाळून, दांडी वाकू नये म्हणून भोवती कागद भरून ठेवलं होतं. परत आल्यावर बसवायचं असेल. फ्लोट कानाशी हलवून बघितला. आत काही नाही. तुझा डाग टिकलाय.

काल बॅटरी आपल्या घरी होती. आईनं सकाळपासून विचारून डोकं खाल्लं, गाडी दुरुस्त झाली का, निकासिओ कधी येणार, एवेलिओला परत फोन करायचाय, एक सांगायचं राहिलं. तिला मी धरून शेडमध्ये आणलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. किल्ली फिरवली. काटा उठला आणि ‘भरली’च्या पुढे जाऊन टेकला.

"भरलेली आहे की गं!" ती म्हणाली.

तुझी जूनमधली एक तपासणी राहिली होती. मी मागे डिकीत गेले. लोंबणारी तार वर ओढून घेतली आणि तिचं टोक पत्र्याला टेकवलं. "आई, काटा बघ, काय म्हणतो?"

"पडला," आई म्हणाली. "रिकामी म्हणतो."

म्हणजे डॅशबोर्डपासून तिथपर्यंत सगळं ठीक आहे, दादा. दोष टाकीकडचा.

मी हात काढला. पुढून आईचा आवाज आला, "भरली परत!" किती खूश झाली. मी पुन्हा टेकवली. "रिकामी," आई म्हणाली. काढली, तर हसली.

तुझ्या पत्रात एवढंच लिहिलेलं नाही. ही तार मी किती वेळ धरून बसायचं?

झेनाइदा